खुणेचा खेळ

वाळूजच्या कारखान्यातले भिकन आणि काकासाहेब वाळूवरच्या व्हॉलीबॉलमध्ये जोडीनं खेळत. नामांतराच्या दंगलीपासून मात्र एकमेकांशी बोलत नव्हते. खेळतानाही सगळं पाठीमागं धरलेल्या बोटांच्या खुणांनी चालायचं. बघणाऱ्यांना ती शिस्त वाटायची.

ब्राझीलच्या व्यावसायिक स्पर्धेसाठी निवड सामना होता आणि आता एक गुण गेला की निवड हुकणार होती. काकासाहेब वाळूत आडवा पडलेला असतानाच चेंडू परत आला. खूण करायला वेळ नव्हता.

"भिकन, धाव!" इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच त्याच्याशी बोलला.

भिकन जागचा हलला नाही. चेंडू त्याच्या पायाशी पडला.



"माझं घर जळत व्हतं, तवा मी बी तुला अशीच हाक मारली व्हती."