यवतेश्वरचा घाट

ब्राह्मीनं आठ महिने खपून आपल्या जुन्या डिझेल हॅचबॅकचं इंजिन नव्यानं बांधलं. पिस्टन बदलले, इंजिनाचा जोर वाढवणारा मोठा टर्बो बसवला. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं, तेव्हा माधवनगरची निम्मी गल्ली बघायला आली. तिचे वडील, अप्पा, तेवढे घरातच बसले. "पंधरा वर्षांची गाडी. भंगारात घाल म्हटलं तर ऐकत न्हाई," असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

रविवारी ती उठली तर दारात गाडी नव्हती.

"अप्पा साताऱ्याला गेल्यात, आत्याकडं," आई म्हणाली. "एसटी चुकली म्हणं."

इंजिन बांधल्यापासून ब्राह्मीनं गाडी अजून गावाबाहेरसुद्धा नेली नव्हती.

बारा वाजता आत्याचा फोन आला, अप्पा अजून पोचलेच नव्हते. ब्राह्मीनं घाईघाईनं त्यांना फोन लावला.

"अप्पा, कुठं हायसा? गाडी बंद पडली व्हय?"

"न्हाई गं. साताऱ्याच्या पुढं, यवतेश्वरच्या घाटाखाली उभा हाय."

"आत्याचं घर तिकडं कुठं हाय?"

"जातो गं तिच्याकडं. घाट लय लवकर संपला, म्हणून खाली येऊन परत चढलो. आता आणिक एकदाच!"