साक्षीपुरतं पाप

दुसऱ्याच झुरक्याला शांतवन खोकत सुटला. इंदापूरच्या स्टँडमागं, रसवंतीच्या मांडवात, भर दुपारी.

"फेक ती," ऋषिराज म्हणाला. "पाप करायला बी दम लागतो गड्या. तुमच्या रविवारच्या शाळेत शिकवत न्हाईत वाटतं?"

ऋषिराज कोऱ्हाळ्याच्या ऊस बागायतदाराचा पोरगा, शांतवनच्याच वर्गातला. पंच्याण्णव सालची कोरी लाल यामाहा त्याची. तो गंमत म्हणून आला होता. शांतवन मात्र कामानं आला होता. त्याला साक्ष पाहिजे होती.

येत्या रविवारी तरुणांची उपासना. देवानं माझ्या आयुष्यात काय केलं, ते बारामतीजवळच्या जळोचीच्या प्रार्थनाघरात प्रत्येकानं उभं राहून सांगायचं; तीच साक्ष. शांतवननं आपलं आयुष्य खिशासारखं उलटं करून झटकलं. काही पडलं नाही. वडील शाळेत शिपाई, आई शिवणकाम करणारी, रोज जेवणाआधी प्रार्थना, पाठ केलेली वचनं. साधा हातसुद्धा कधी मोडला नव्हता.

"माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही," तो आईला म्हणाला होता.

"बरं आहे की मग," मशिनवरची मान वर न करता आई म्हणाली.

त्याला ते बरं वाटलं नव्हतं. साक्ष म्हणजे सर्जेरावतात्यांची! तात्यांचं इंदापुरात हायवेला पंक्चरचं दुकान. रविवारी एसटीनं बारामतीला येत. पाळकसाहेब त्यांना उभं करत आणि मंडळी सावरून बसत. दारूपाशी बायका चुकचुकत. मारामारीपाशी पोरं बाकाच्या कडेला सरकत. पिऊन हायवेला मोटारसायकल सोडली, तिथं तर कुणी खोकतही नसे. मग दवाखाना, मग शुद्ध, मग प्रभू. हालेलूया! शांतवननं मनातल्या मनात तराजू लावून पाहिला होता. पापाला सगळा वेळ, देवाला शेवटची पाच मिनिटं. पण त्या पाच मिनिटांना जो भाव येई, तो आधीच्या मालामुळंच.

उपासना सुटल्यावर पाळकसाहेब तात्यांना स्कूटरवर स्टँडला सोडतो म्हणत. तात्या हात जोडून उन्हात चालत निघत. केवढी नम्रता, असं मंडळी म्हणे.

तर शांतवनचा बेत सरळ होता. साक्षीपुरतं पाप करायचं, वर चिमूटभर नाही, आणि रविवारच्या आत परत फिरायचं. सकाळी व्हिडिओ सेंटरात बसून झालं. सिनेमात त्याला झोप लागली. सिगारेट ही अशी गेली. उरला वेग.

"आता गाडी मी चालवणार. हायवेला. पूर्ण पिळून."

"चालव. मी बसतो मागं," ऋषिराज हसला. "पर साक्ष द्यायला जित्तं ऱ्हावं लागतंय, तेवढं ध्यानात ठेव."

मजा आली. उगाच खोटं कशाला? डोळ्यांत पाणी, पोटात गोळा, कानांत नुसता वारा. मग तो वेग अंगवळणी पडला, गोळा विरघळला, आणि तो परत यावा म्हणून आणखी पिळावं लागलं. मग आणखी. समोरून ट्रक आला तेव्हाच मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. गाडी नागिणीसारखी वळवळली. ट्रक हॉर्न देत अंगावरून गेल्यासारखा गेला. गाडी कडेच्या मातीत जाऊन थांबली.

ढकलत नेली ती तात्यांच्याच दुकानाशी.

तात्यांनी चाकाकडं पाहिलंच नाही. दोघांच्या तोंडांकडं पाहिलं.

"हँडल कुनाकडं हुतं?"

"माझ्याकडं," शांतवन म्हणाला, आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. "साक्षीसाठी, तात्या. तुमच्यासारखी."

तात्या हातातला पान्हा खाली ठेवून उकिडवे बसले.

"आन् मागं?"

"ऋषिराज होता."

"माझ्या मागं भिमा हुता," तात्या म्हणाले. "माझा धाकटा. तुमच्याच वयाचा. मी दवाखान्यात शुद्धीवर आलो. त्यो आला न्हाई."

हायवेवरून एक एसटी गेली.

"तुम्ही हे कधी सांगत नाही," शांतवन कसाबसा म्हणाला.

"प्रभूनं माफ केलं, ते खरं हाय. ते मी सांगतो. पर भिमाचं नाव घेतल्यावर हालेलूया कोन म्हनंल?" त्यांनी चाकावर हात ठेवला. "तुला द्येव पाळन्यात भेटला रं पोरा. मला त्याच्यापतुर जायाला भावाला वलांडून जावं लागलं."

चाक जोडून झालं. परतीला ऋषिराजनं गाडी बैलगाडीच्या चालीनं आणली. कुणी चेष्टा केली नाही.

रविवारी प्रार्थनाघर भरलं. एकानं कावीळ बरी झाल्याची साक्ष दिली, एकीनं नापास होता होता पास झाल्याची. दोघांनाही मंडळींनी दणक्यात हालेलूया दिला. मग शांतवन उठला. पुढच्या बाकावर आई होती. सगळ्यात मागं, दाराशी, तात्या.

"मी साक्ष आणायला इंदापूरला गेलो होतो," तो म्हणाला. पोरं खिदळली. तो थांबला, ती गप्प होईपर्यंत. "देव तोवर घरीच होता. आईच्या मशिनशी, आमच्या ताटांशी. इतका रोजचा, की मी त्याला हिशोबात धरलंच नव्हतं." त्यानं आईकडं पाहिलं. "माझ्याकडं सांगण्यासारखं काही नाही. त्याबद्दल त्याचे उपकार."

तो बसला. मंडळी एकमेकांकडं पाहू लागली. अशा साक्षीला काय म्हणायचं असतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाळकसाहेबांनी गीताचा नंबर सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दाराशी बाक करकरला. सर्जेरावतात्या उभे राहिले होते. दोन्ही गाल ओले.

"हालेलूया," ते एकटेच म्हणाले.