सगळं ठीक, साहेब

वडील गेल्यावर आईने केलेला वाढीव पेन्शनचा अर्ज सैन्याच्या कार्यालयाने फेटाळला. अपिलाच्या फॉर्मवर चौकट होती: ‘आपले म्हणणे शंभर शब्दांतच मांडावे.’ आई ओट्याशी भांडी आदळत सांगत गेली, मी मोजून लिहीत गेले: “साहेब, माझे मिस्टर तेवीस वर्षं तुमच्या तोफेशेजारी उभे राहिले. कानांसाठी तुम्ही कापूस दिलात. घरी आले ते ठार बहिरे होऊन. जेवायला बोलवायचं तर मी खोलीतल्या दिव्याचं बटण खालीवर करायची. गेल्या वर्षी मागून ट्रक आला. हॉर्न सगळ्या रस्त्याला ऐकू गेला, यांना नाही. तुम्ही म्हणता, या मरणाचा नोकरीशी संबंध नाही, कारण निवृत्तीच्या तपासणीत ‘ऐकायला त्रास होतो का?’ विचारल्यावर ते ‘सगळं ठीक, साहेब’ म्हणाले. अहो, त्यांना प्रश्नच ऐकू आला नव्हता! साहेबाचे ओठ हलले की तेवढंच म्हणायचं, हे तुम्हीच शिकवलंत. मी दाराबाहेर बाकावर बसले होते. तुमच्या डॉक्टरने तोच प्रश्न तीनदा ओरडून विचारला. बंद दारातून मला ऐकू आला. तरी त्याने तुमच्या कागदावर काय लिहिलं? ‘तक्रार नाही’.” मी म्हणाले, “आई, थांब, शंभर भरले. आता खाली ‘आपली विश्वासू’ लिहायला शब्दच उरले नाहीत.” ओले हात पुसून तिने पेन घेतलं. “बरंच झालं,” ती म्हणाली आणि नुसती सही ठोकली.