रिकामी पाठ

मुलांनो, डोळ्यांसमोर एक माकड आणा: ओंजळीत मावणारं, सोन्यासारखं पिवळं, तोंडाभोवती सिंहाची आयाळ. असं माकड फक्त ब्राझील देशातल्या समुद्रकाठच्या रानात सापडतं, तेही क्वचित. आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकणारा करमअली चार वर्षांनी उरणला घरी आला, तेव्हा त्याने अशा माकडाचं एक पिल्लू आणलं, मासूमासाठी. तरी पाच वर्षांची ती लेक त्याच्या वाऱ्याला उभी राहीना. आणि रमजान संपला की त्याला पुन्हा बोटीवर चढायचं होतं.

आज मात्र ती दाराआडून ओट्यावर आली, पिल्लाला घेऊन बसलेल्या करमअलीपासून हातभर लांब बसली.

“जहाजवाले, तुमी ह्याची माय न्हाय आणली?”

“माय नुसती दूध पाजते, बेटा. बाकी सारा दिस पोरांना बापच, त्यांचा बावाच, पाठीवर घेतो, न् झाडाझाडांवरून फिरतो.”

“दमत न्हाय?”

“दमतो की. पन खाली उतरवत न्हाय.”

मासूमाने बराच विचार केला. “मंग ह्याला तुमी हितं आणलं, तर तिकडं त्याच्या बापाची पाठ रिकामीच?”

कोळशाने वाकलेली पाठ तिच्याकडे करून करमअली खाडीकडे वळून बसला.

मासूमा उठली. पिल्लू तिने अलगद त्याच्या खांद्यावर ठेवलं, उरलेल्या पाठीवर स्वतः चढली आणि म्हणाली, “ऊठ, बावा. फिरव.”