पन्हाळ्याच्या चढावर

"आज बंद पडली, तर गाडी विकायची," पन्हाळ्याचा चढ लागताच शालिनीताईंनी नवऱ्याला बजावलं. मागच्या खेपेला व्याही-विहीणबाईंच्या देखत त्यांना खाली उतरून गाडी ढकलावी लागली होती.

त्यानंतर बळवंतरावांनी इंजिन पार उकलून घेतलं. सिलिंडरचा बोअर वाढवला, पिस्टन बदलले, मोठा कार्ब्युरेटर बसवला. पेन्शनरांच्या गाडीला शोभणार नाही इतका जोर आला.

पुढे व्याह्यांची नवीकोरी गाडी चालली होती. बळवंतरावांनी पाय दाबला. म्हातारी गाडी डरकाळी फोडून, त्यांना मागं टाकून, थेट वर पोचली.

"बघितलंस?" बळवंतरावांनी मिशीला पीळ दिला.

"मी बघितलं हो! विहीणबाई मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. गाडी वळवा. खाली जाऊन पुन्हा येऊ."