चंपतरावांच्या पोटऱ्या

"पट्टे मीच बांधतो," डॉक्टर मनोहरराव म्हणाले. "पोटरीवर नेमक्या जागी बसले पाहिजेत."

"मागाच्या खड्ड्यात परका माणूस नाही उतरत, साहेब." चंपतराव हातमागावरून हललेही नाहीत. "आमच्या घरी त्याची पूजा होते."

धंतोलीहून आलेल्या डॉक्टरांना कोष्ट्यांच्या या अडेलपणाची सवय झाली होती. काम करताना विणकराचे स्नायू किती जोर लावतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. पोटरी फुगली की रबरी पट्टा दाबला जाई, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाची सुई काजळी धरलेल्या कागदावर रेघ ओढी. संशोधन चांगलंच होतं. वाईट एवढंच, की विणकरांना सूत वाटणाऱ्या सोसायटीने त्याचे आकडे मागितले होते. ज्याच्या पायात जोर नाही, त्याचं सूत बंद. सूत तेव्हा परमिटवर मिळे, आणि बाईच्या नावावर परमिट नसे.

गेल्या वर्षी तापाने अंथरूण धरल्यापासून चंपतराव सोसायटीत फिरकले नव्हते. म्हणून डॉक्टरांना आज मुद्दाम इथे धाडलं होतं.

जयवंता नवऱ्याच्या शेजारी, खड्ड्यात पाय सोडून हातचरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिने हात पुढे केला.

"द्या इकडं. मी बांधतो."

ती खाली अंधारात वाकली, आणि वर येऊन पुन्हा चरख्याला लागली.

"चालवा," डॉक्टर म्हणाले.

चंपतरावांनी दोरी ओढली, धोटा पळाला, खड्ड्यातल्या, पायाने दाबायच्या पावड्या खालीवर होऊ लागल्या. सुईने उंच रेघा काढल्या.

"आता जोरात."

माग खडखडू लागला. जयवंताच्या हातातलं सूत तुटलं. तिने जोडलं, ते पुन्हा तुटलं. तिने पदराने कपाळ पुसलं.

"बाई, तुम्ही कशानं दमलात?"

"चरखा का आपल्या मनानं फिरते?"

डॉक्टर कागदाकडे पाहतच राहिले. "असे पाय मी या पुऱ्यात पाहिले नाहीत. वय काय तुमचं, चंपतराव?"

"कागदालेच विचारा न, साहेब. अन् सोसायटीले सांगा, हा माग कोणाच्या बापानं बंद नाही होत."

डॉक्टर हसले. त्यांना असली माणसं आवडत. नळी काढून, रेघा पुसल्या जाऊ नयेत म्हणून कागद लाखेच्या द्रावणात बुडवायला ते अंगणात गेले.

चंपतरावांचा आवाज एकदम खाली आला. "दुखून राहिलं का वं?"

"चूप बसा. लुगडं आज मागावरून उतरलं पाहिजे."

जयवंताने नवऱ्याचे दोन्ही लुळे पाय हातांनी उचलून बाजूला सारले. मग खाली वाकून तिने स्वतःच्या पोटऱ्यांवरचे पट्टे सोडले.