दुर्बीण सर

“बाबा, विमान! समोर, जरा डावीकडे. आपल्याच उंचीवर आहे.”

लेकीने बोट दाखवलं, बाबांनी तिकडे पाहिलं. त्यांना काहीच दिसलं नाही. निळं आभाळ, काचेला चिकटलेला एक मेलेला किडा, आणि मधोमध तो धुरकट डाग. गेले कित्येक महिने ते जिकडे बघायला जात, तिकडे हा पठ्ठ्या त्यांच्या आधी जाऊन बसलेला असे.

विमान बाबाच चालवत होते. सकाळी लेकीने टुमणं लावलं होतं, “चला ना बाबा, एक चक्कर मारून येऊ. तुम्ही चालवा, मी नुसती बसते.” तीही आता त्यांच्याच फ्लाइंग क्लबात शिकवायला लागली होती. तिला उडायला शिकवलं होतं ते बाबांनीच.

क्लबात त्यांना सगळे दुर्बीण सर म्हणत. रेडिओवरून सूचना यायच्या आत ह्यांना पलीकडचं विमान दिसलेलं असायचं. “नजर गरागरा फिरवू नका रे,” ते पोरांना दटावत. “फिरत्या नजरेला काही दिसत नसतं. आभाळाचा एक तुकडा घ्या, थांबा, बघा, मग पुढचा घ्या. काचेवरून सरकणारा ठिपका बहुतेक आपल्या वाटेने जातो. जो जागचा हलत नाही, नुसता मोठा होत जातो, तो आपल्या अंगावर येतोय. आणि दिसलं नाही तर ‘शोधतोय’ म्हणा. त्यात कुणाची अब्रू जात नाही.”

हल्ली ते पोरांनाच शोधायला लावत. “मी सांगणार नाही, तुम्ही सांगा.” सर काय कसून शिकवतात, अशी क्लबभर वाहवा चालली होती. खरं काय ते एकट्या बाबांना ठाऊक. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं ते काही ना काही निमित्त काढून टाळत होते. चहा कपाबाहेर सांडला तेव्हा “हात थरथरला गं” म्हणून त्यांनी बायकोपुढे वेळ मारून नेली होती. आभाळ सुटलं तर मागे उरणार काय? एक खुर्ची आणि एक पेपर. आणि तो पेपरही दुसऱ्याने वाचून दाखवायचा!

“दिसलं का, बाबा?”

‘शोधतोय’ अगदी ओठांवर आलं होतं. पण लेकीसमोर कसं म्हणायचं?

“दिसलं की,” ते म्हणाले.

“सरकतंय का?”

तिचा आवाज काहीतरी वेगळाच लागला होता. बाबांनी डोळे ताणले, मान तिरकी केली. डाग काही हटला नाही.

“सरकतंय. मागे पडतंय ते. तू उगीच घाबरू नकोस.”

लेकीने हळूच त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“बाबा, तिकडे विमान नव्हतंच. आईचं आणि माझं ठरलं होतं, एकदा बघायचं म्हणून. ‘शोधतोय’ म्हणा, ‘शोधतोय’ म्हणा, असा धावा करत होते हो मी मनातल्या मनात.”

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी राग आला तो मायलेकींचा. मग त्यांना शेजारची सीट आठवली. उद्या तिथे कुणाचं तरी पोर बसलं असतं, आणि सरांच्या त्या ‘सरकतंय’वर त्याने डोळे झाकून विश्वास ठेवला असता.

“घे,” ते म्हणाले. “विमान तुझं.”

वैमानिकांची रीत अशी, की समोरच्याने ‘माझं’ म्हटल्याशिवाय दांडीवरचा हात सोडायचा नाही. बाबा वाट बघत राहिले. लेकीचा चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता, पण हेडफोनमध्ये मुसमुसणं ऐकू येत होतं. त्यांनी एका हाताने खिसा चाचपला आणि रुमाल काढून तिच्या मांडीवर टाकला.

“आधी डोळे पूस,” बाबा म्हणाले. “दोघांपैकी एकाला तरी नीट दिसायला हवं.”